ओळखीच्या वास्तूची कृष्णधवल मालिका: फिल्मवर काम करण्याची पद्धत

घड्याळाचा मनोरा, जुना दगडी पूल, दीपगृह, पाण्याची उंच टाकी किंवा शहरात शिरताना सर्वांत आधी नजरेत भरणारा घुमट, अशा वास्तूचे एक चित्र पाहणाऱ्याच्या मनात आधीपासूनच तयार असते. ते बहुधा समोरून, चौकटीच्या मध्यभागी, स्वच्छ आकाशाच्या पार्श्वभूमीवर घेतलेले असते आणि कॅमेरा हातात घेतलेला माणूसही नकळत त्याच जागी जाऊन उभा राहतो. त्यामुळे अशा वास्तूवर मालिका करायची म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून भरपूर छायाचित्रे काढायची, एवढ्यावर भागत नाही. तशी छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली की ती एकाच चित्राच्या फसलेल्या आवृत्त्या वाटू लागतात. काय बदलू द्यायचे आणि काय मुळीच बदलू द्यायचे नाही, हे आधी ठरवले तरच मालिका उभी राहते. कृष्णधवल फिल्म या कामाला विशेष सोयीची आहे, कारण रोल, लेन्स, डेव्हलपर (फिल्मवरचे चित्र उमटवणारे रसायन) आणि छपाईचा कागद एकदा ठरले की बऱ्याच गोष्टी आपोआप स्थिर राहतात आणि उरलेल्या बदलाकडे नीट लक्ष देता येते.

आधी नियम, मग रोल

जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९पासून पुढे कित्येक वर्षे पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे आणि भट्ट्या यांची छायाचित्रे घेतली. आकाश ढगाळ, प्रकाश सपाट, कॅमेरा समोर आणि क्षितिज ठरलेल्या जागी, ही शिस्त त्यांनी सोडली नाही. त्यांच्या कामात वास्तू बदलत जाते आणि बाकी सगळे स्थिर राहते. आपल्याला नेमके याच्या उलट करायचे आहे: वास्तू एकच आहे, म्हणून दुसरे काहीतरी बदलावे लागणार आणि ते काय हे निवडावे लागणार.

प्रकाश आणि हवामान हा एक पर्याय आहे. न्यूयॉर्कमधील फ्लॅटआयर्न इमारत १९०२ साली पूर्ण झाली. त्यानंतर थोड्याच काळात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी ती बर्फात, एका काळ्या झाडाच्या खोडामागे पाहिली आणि १९०४ साली एडवर्ड स्टायकेन यांनी ती ओल्या संध्याकाळी, घोडागाड्यांच्या मागे धूसर होताना टिपली. दोघांनीही इमारतीच्या आकारापेक्षा तिच्या भोवतीच्या हवेला महत्त्व दिले आहे. अंतर हा दुसरा पर्याय. जपानी चित्रकार होकुसाई यांची फुजी पर्वतावरील छापचित्रे ३६ या आकड्याने ओळखली जातात, प्रत्यक्षात ती ४६ आहेत, आणि त्यांतील कित्येकांत पर्वत बोटाच्या पेराएवढा, कुणाच्या तरी कामधंद्याच्या मागे उभा दिसतो. तिसरा पर्याय म्हणजे वास्तूचा वापर: कोण तिच्या सावलीला बसते, कोण तिच्याकडे न पाहता रोज तिथून जाते, कोण तिची डागडुजी करते.

यांपैकी एकच पर्याय घ्यावा आणि तो एका वाक्याच्या नियमात लिहून काढावा. ‘मनोरा प्रत्येक चौकटीत असेल, पण चौकटीच्या उंचीच्या पाचव्या हिश्शाहून मोठा नसेल’ हा नियम चांगला आहे, कारण शटर दाबण्याआधी तो पाळला गेला की नाही हे तपासता येते. ‘मनोऱ्याचा आत्मा दाखवायचा’ हा नियम नव्हे, कारण त्याच्या आधारे कुठलीही चौकट नाकारता येत नाही. माझे मत विचाराल तर पहिल्या मालिकेसाठी अंतराचा नियम सर्वांत उपयोगी पडतो. हवामानाच्या मालिकेला ऋतू उलटण्याची वाट पाहावी लागते आणि तेवढा धीर सुरुवातीला सहसा टिकत नाही.

नियम ठरल्यावरही हात पोस्टकार्डाकडे वळतोच. त्यावर साधा उपाय असा की पहिला रोल त्यासाठीच खर्ची घालावा. समोरून, कमानीतून, पाण्यातल्या प्रतिबिंबासह, सूर्य शिखराला टेकवून, जे जे मनात येईल ते सगळे काढून टाकावे. या रोलची कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या चौकटी मूळ आकारात छापलेला एकच कागद) भिंतीवर लावून ठेवली की पुढे कुठे उभे राहायचे नाही हे रोज डोळ्यांसमोर राहते. शिवाय वास्तूच्या दगडाची छटा, आकाशाचा उजेड आणि आसपासच्या झाडांचा गडदपणा फिल्मवर कसा उतरतो, याचीही या रोलमुळे ओळख होते.

कॅमेऱ्याशिवाय एक फेरी मात्र त्याआधीच मारावी आणि वास्तूचा ओबडधोबड नकाशा काढून त्यावर दिशा मांडाव्यात. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास सूर्य जवळपास बरोबर पूर्वेला उगवतो. जूनमध्ये त्याचे उगवतीचे ठिकाण उत्तरेकडे आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे सरकलेले असते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर वर्षाचा बराच काळ थेट ऊन पडत नाही, आणि पडते तेव्हा बहुतेक सकाळी लवकर किंवा मावळतीला, तेही तिरपे. अशा तिरप्या उन्हात दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, विटांमधील दरजा आणि उडालेला गिलावा उठून दिसतो. भिंत कोणत्या महिन्यात, किती वाजता अशी उजळते हे नकाशावर टिपून ठेवले तर पुष्कळ निष्फळ खेपा वाचतात.

फिल्म आणि लेन्स

संपूर्ण मालिकेसाठी एकच फिल्म वापरावी. इलफर्डची एचपी५ प्लस आणि कोडॅकची ट्राय-एक्स या ४०० वेगाच्या (आकडा जितका मोठा, तितक्या कमी प्रकाशात चालणाऱ्या) फिल्म अंदाजातील चुका सांभाळून घेतात, ढगाळ हवेत हातात कॅमेरा धरून काम करू देतात आणि त्यांचा ग्रेन (चित्रात दिसणारा कणांचा पोत) जुन्या दगडाला शोभतो. एफपी४ प्लस ही १२५ वेगाची फिल्म अधिक बारीक ग्रेनची असून ट्रायपॉड वापरणाऱ्याला ती जास्त समाधान देईल. टी-मॅक्स १०० किंवा डेल्टा १०० यांचा ग्रेन त्याहूनही बारीक असतो. पण डेव्हलपिंगमधल्या वेळेच्या आणि तापमानाच्या चुका त्या चटकन दाखवतात, म्हणून त्यांच्याकडे हात बसल्यावर वळावे. शक्य असेल तर सगळे रोल एकाच खेपेचे, म्हणजे खोक्यावर एकच इमल्शन क्रमांक असलेले घ्यावेत.

लेन्सही एकच असावी. ३५ मिमी कॅमेऱ्यावर ५० किंवा ३५ मिमीची लेन्स पुरते. झूम लेन्स असली की माणूस पाय हलवण्याऐवजी लेन्सचे कडे फिरवतो, आणि अंतराच्या मालिकेत तर त्यामुळे मूळ नियमच मोडतो. १२० फिल्मच्या (३५ मिमीपेक्षा रुंद फिल्मच्या) चौरस चौकटीच्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२च चित्रे येतात. हा तोटा वाटतो, पण विचार करून शटर दाबायला लावणारी ही सक्ती मालिकेच्या पथ्यावर पडते.

उंच वास्तूच्या बाबतीत कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो. फिल्मचे प्रतल भिंतीला समांतर ठेवले तर रेषा सरळ राहतात, पण मग शिखर चौकटीबाहेर जाते. त्यावर तीन मार्ग आहेत: मागे सरकायचे, समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावरून टिपायचे, किंवा कॅमेरा उभा धरून खालची जास्तीची जमीन प्रिंट करताना कापायची. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता वर सरकवता येणारी लेन्स) असली तर प्रश्नच मिटतो. रेषा झुकलेल्या ठेवायच्या असतील तर त्या स्पष्टपणे झुकू द्याव्यात. किंचित झुकलेली रेषा निष्काळजीपणाची वाटते.

रंगांचे राखाडी रूपांतर

कृष्णधवल फिल्मवर लाल वीट आणि तिच्यामागचे हिरवे झाड जवळजवळ एकाच राखाडी छटेत उतरू शकतात, आणि डोळ्यांना ठळक वेगळी दिसणारी वास्तू पार्श्वभूमीत विरून जाते. हे टाळण्यासाठी लेन्सपुढे रंगीत फिल्टर लावतात. फिल्टर आपल्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या वस्तू गडद करतो. पिवळा फिल्टर निळे आकाश डोळ्यांना दिसते त्याच्या जवळपास आणतो, नारिंगी ते आणखी गडद करतो आणि ढग सुटे होतात, तर लाल फिल्टर स्वच्छ आकाशाला काळ्याच्या जवळ नेतो. विटा आणि तांबूस दगड नारिंगी व लाल फिल्टरने उजळतात, झाडे गडद होतात; झाडांची पाने उजळ हवी असतील तर हिरवा फिल्टर लागतो.

लाल फिल्टरचे एक काम सहसा ध्यानात येत नाही. उन्हातल्या सावल्यांवर वरच्या निळ्या आकाशाचा उजेड पडलेला असतो. लाल फिल्टर तो निळा उजेड अडवतो, त्यामुळे आकाशाबरोबर सावल्याही खोल काळ्या होतात आणि कमानीतला सगळा तपशील गिळला जातो. नाट्यमय आकाशासाठी ही किंमत मोजायची का, हे प्रत्येक वास्तूनुसार ठरवावे. माझा कल नारिंगीकडे आहे. पूर्ण ढगाळ दिवशी आकाशात निळा रंगच नसल्याने यांपैकी कोणताही फिल्टर आकाश गडद करू शकत नाही, हेही लक्षात ठेवावे.

फिल्टर प्रकाश कमी करतो, म्हणून पिवळ्यासाठी सुमारे एक, नारिंगीसाठी दोन आणि गडद लालसाठी तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त प्रकाश द्यावा लागतो. कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर फिल्टरमधून मोजतो खरा, पण त्याच्या सेलची रंगसंवेदना फिल्मसारखीच असेल असे नाही. गडद फिल्टरच्या बाबतीत आधी फिल्टरशिवाय मोजून मग स्टॉप हाताने वाढवणे अधिक भरवशाचे ठरते. मालिकेत एका चित्रात आकाश काळे आणि दुसऱ्यात पांढरेफटक असले तर मालिका तिथेच तुटते, म्हणून फिल्टरचाही नियम आधीच ठरवून ठेवावा.

सावलीसाठी प्रकाश, उजेडासाठी डेव्हलपिंग

मीटर जिकडे रोखला जातो ती जागा मधल्या राखाडी छटेची आहे असे तो समजतो. पांढऱ्या भिंतीकडे रोखला तर भिंत राखाडी होते, काळ्या दरवाजाकडे रोखला तर दरवाजाही राखाडी होतो. छायाचित्रकार आन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीचा गाभा या एका गोष्टीत आहे: कोणती जागा किती काळी किंवा किती पांढरी हवी हे आपण ठरवायचे आणि मीटरचे माप त्यानुसार बदलायचे.

समजा, एफपी४ प्लस फिल्म आहे, ऊन पडले आहे आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी एक खोल कमान आहे. कमानीच्या आतल्या भिंतीच्या चिऱ्यांमधील रेषा प्रिंटमध्ये दिसायला हव्यात, पण ती जागा सावलीच वाटली पाहिजे. कॅमेरा किंवा मीटर कमानीच्या अगदी जवळ नेऊन फक्त त्या सावलीचे माप घ्यावे. ते एफ/८ या ॲपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या मापाला) १/३० सेकंद आले, तर तसाच फोटो काढल्यास सावली मधल्या राखाडीची होईल. ती गडद हवी म्हणून दोन स्टॉप कमी करून १/१२५ सेकंद ठेवावे. आता उन्हातल्या उजळ दगडाचे माप घ्यावे. ते त्याच ॲपर्चरला १/१००० सेकंद आले, तर आपण निवडलेल्या १/१२५मुळे तो दगड मधल्या राखाडीच्या तीन स्टॉप वर जातो, म्हणजे पोत जेमतेम टिकेल अशा पांढऱ्यावर. तो खाली आणण्याचे काम डेव्हलपिंगमध्ये करायचे: वेळ १५ ते २० टक्के कमी केला की निगेटिव्हचे (उलट्या छटांच्या फिल्मचे) सर्वांत दाट, म्हणजे प्रिंटमध्ये उजळ दिसणारे, भाग कमी दाट होतात, सावल्यांवर मात्र फारसा परिणाम होत नाही. तरीही त्या थोड्या उतरतातच, म्हणून असा रोल मीटरवर वेग १२५ऐवजी ८० धरून वापरणे बरे.

इथे एक व्यावहारिक अडचण येते. पूर्ण रोल एकाच वेळी डेव्हलप होतो, त्यामुळे अर्धा रोल कडक उन्हात आणि अर्धा ढगाळ दिवशी काढला असेल तर कुणा एकावर अन्याय होतो. म्हणून एका रोलवर एकाच प्रकारचा प्रकाश घ्यावा, रोल संपला नसला तरी. उन्हाचा रोल कमी वेळ, ढगाळ दिवसाचा रोल तेवढाच जास्त वेळ डेव्हलप केला की दोन्हींतून आलेली निगेटिव्ह एकाच कागदावर शेजारी बसतात. दोन कॅमेरे किंवा बदलता येणारे फिल्म बॅक (फिल्म ठेवण्याचे सुटे भाग) असलेला मीडियम फॉरमॅट, म्हणजे १२० फिल्मचा, कॅमेरा असला तर चित्रे वायाही जात नाहीत.

संध्याकाळी आणि रात्री फिल्म आणखी एक हिशेब मागते. एक्स्पोजर (फिल्मला प्रकाश देण्याचा वेळ) सेकंदांत गेले की फिल्मची संवेदना घटते आणि मीटरने सांगितलेला वेळ पुरत नाही. एचपी५ प्लससाठी इलफर्डने दिलेल्या सूत्रानुसार मोजलेल्या १० सेकंदांचे सुमारे २० आणि ३० सेकंदांचे सुमारे ८६ सेकंद होतात. फोमापॅन १००मध्ये ही घट फारच तीव्र आहे. तिथे १० सेकंदांसाठी ८० सेकंद द्यावे लागतात. केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबणारी तार) आणि भक्कम ट्रायपॉड अर्थातच हवा. पूर्ण अंधार पडण्याआधी, आकाशात थोडा उजेड शिल्लक असताना काम उरकले तर वास्तूची कडा आकाशापासून सुटी राहते आणि दिव्यांभोवतीचे पांढरे डागही आटोक्यात राहतात.

प्रत्येक चौकटीची नोंद वहीत करावी: रोल क्रमांक, चौकट क्रमांक, तारीख, वेळ, आकाश, फिल्टर, ॲपर्चर, शटर आणि उभे राहण्याची जागा. फिल्म स्वतःहून यांतले काहीच लिहून ठेवत नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच जागी परत जायचे असेल तर स्मरणावर विसंबता येत नाही.

डेव्हलपिंग

मालिकेच्या दृष्टीने डेव्हलपिंगमध्ये कौशल्यापेक्षा सातत्य महत्त्वाचे आहे. एफपी४ प्लससाठी आयडी-११ डेव्हलपर एकास एक पाणी घालून, २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटे, ही सुरुवात ठीक आहे. एचपी५ प्लससाठी त्याच मिश्रणात १३ मिनिटे लागतात. पहिल्या दहा सेकंदांत फिल्मची डेव्हलपिंग टाकी चार वेळा उलटी-सुलटी करावी, मग प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तेच, आणि दर वेळी टाकी हलकेच आपटून बुडबुडे घालवावेत. पाणी गरम असेल तर थंड पाण्याच्या बादलीत बाटल्या ठेवून तापमान उतरवावे किंवा उत्पादकाच्या तक्त्यानुसार वेळ कमी करावा. साधारणपणे दर अंशाला दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला तर डेव्हलपर फिल्मवर असमान लागण्याचा धोका वाढतो.

त्यानंतर स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे द्रावण), फिक्सर (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुणे. धुण्यासाठी नळ सोडून ठेवण्याची गरज नाही: टाकी पाण्याने भरून पाच वेळा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा उलटी-सुलटी केली की पुरते. शेवटी वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रव्याचे) दोन-चार थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून फिल्म धूळ नसलेल्या जागी टांगावी.

कॉन्टॅक्ट शीट ते मांडणी

कॉन्टॅक्ट शीट नेहमी एकाच पद्धतीने करावी. रोलची रिकामी, पारदर्शक कडा कागदावर पूर्ण काळी येण्यासाठी लागणारा कमीत कमी वेळ कागदाच्या चाचणी पट्टीवर शोधावा आणि मग एन्लार्जरची (प्रिंट काढण्याच्या यंत्राची) उंची, ॲपर्चर व कागदाची ग्रेड (कॉन्ट्रास्टची पातळी) न बदलता प्रत्येक रोलसाठी तोच वेळ ठेवावा. अशा शीटवर कमी प्रकाश मिळालेले चित्र काळे आणि जास्त मिळालेले फिके दिसते, कुठे काय चुकले ते लपत नाही. स्कॅन करणाऱ्यांनीही स्कॅनरची स्वयंचलित दुरुस्ती बंद ठेवावी, नाहीतर यंत्र प्रत्येक चौकट आपल्या मर्जीने सारखी करून टाकते आणि तुलना करायला काही उरत नाही.

निवडीसाठी लहान, स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर पसराव्यात. प्रत्येक प्रिंटला एकच प्रश्न विचारावा: हे चित्र काढून टाकले तर मालिकेतून काय जाते? काहीच जात नसेल तर ते कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे. इथेच बहुतेकांचा हात अडखळतो, विशेषतः जे चित्र मिळवायला पहाटे उठावे लागले त्याच्यापाशी. पण पाहणाऱ्याला त्या पहाटेशी देणेघेणे नसते. दोन चित्रे एकच गोष्ट सांगत असतील तर दुबळे गेले पाहिजे. एरवी १२ ते १५ चित्रांच्या पुढे एकाच वास्तूची मालिका पेलणे कठीण जाते.

क्रम लावताना लगतच्या दोन चित्रांत काय सरकते ते पाहावे. अंतराच्या मालिकेत दूरवरून जवळ असा सरळ क्रम लावला की तिसऱ्या चित्रानंतर पुढचे ओळखता येते. म्हणून मनोरा ठिपक्याएवढा दिसणाऱ्या चित्रानंतर लगेच त्याच्या सावलीचे, मग पुन्हा मध्यम अंतराचे, अशी उलथापालथ करून पाहावी. वास्तू चौकटीत डावीकडे की उजवीकडे आहे यावरही नजर ठेवावी, कारण सलग चार चित्रांत ती एकाच बाजूला आली की पाहणारा पुढच्या चित्रात आपोआप तिकडेच पाहू लागतो.

अंतिम प्रिंट काढताना मालिकेतील सर्वांत चांगल्या निगेटिव्हची प्रिंट आधी पूर्ण करून ती डोळ्यांसमोर ठेवावी. वास्तूच्या भिंतीची राखाडी छटा त्या प्रिंटशी जुळवून बाकीच्या काढाव्यात. धुक्यातले किंवा रात्रीचे चित्र सोडले तर दगड सगळीकडे एकच वाटला पाहिजे. व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागद (काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करता येणारा) आणि त्याचे फिल्टर यासाठीच असतात. फायबर कागदाची (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदाची) प्रिंट वाळल्यावर थोडी गडद होते, म्हणून छटा जुळवायची ती वाळलेल्या प्रिंटशी. सगळ्या प्रिंट एकाच आकाराच्या असाव्यात, आणि त्यांचा आकार सर्वांत लहान दिसणारा मनोरा हातभर अंतरावरून ओळखू येईल एवढा असावा.

प्रदर्शन किंवा विक्रीचा विचार असेल तर त्या वास्तूचे नियम आधी विचारून घ्यावेत. ट्रायपॉडला कित्येक ठिकाणी परवानगी लागते, आणि कधी बंधन अनपेक्षित गोष्टीवर असते: पॅरिसच्या आयफेल टॉवरचे दिवसाचे छायाचित्र कुणीही वापरू शकतो, पण रात्रीच्या रोषणाईच्या छायाचित्राचा व्यावसायिक वापर करायचा तर टॉवरच्या व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी लागते.

निगेटिव्ह सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या कापून आम्लरहित स्लीव्हमध्ये, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि प्रत्येक स्लीव्हवर वहीतलाच रोल क्रमांक घालावा. नाकारलेल्या चौकटीही त्यांतच राहू द्याव्यात, कारण वास्तूभोवतीचा परिसर बदलला की आज कंटाळवाणे वाटणारे एखादे चित्र पुढे मालिकेत आपली जागा मागू शकते.